लेस्बोसची खाडी आणि शेताचा बांध

एजियन समुद्राच्या ईशान्य भागात, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर लेस्बोस हे ग्रीक बेट आहे. या बेटाच्या दक्षिणेकडून समुद्राचा एक फाटा अरुंद मुखातून आत शिरतो आणि जमिनीने वेढलेल्या विस्तीर्ण, उथळ खाडीचे रूप घेतो. आज ती कलोनीची खाडी म्हणून ओळखली जाते. आपल्याकडच्या तारलीच्या कुळातले तेथील छोटे मासे ग्रीसमध्ये प्रसिद्ध आहेत. प्राचीन काळी तिच्या काठावर पिऱ्हा नावाचे नगर होते आणि खाडीही त्याच नावाने ओळखली जाई. सुमारे २,३५० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात या खाडीविषयी एक छोटीशी नोंद आहे: येथील शिंपले एकदा नाहीसे झाले. ग्रंथकाराने त्याची दोन कारणे दिली आहेत. एक अवर्षण, दुसरे, शिंपले काढण्यासाठी तळ खरवडणारे साधन.

ही नोंद करणारा ग्रंथकार म्हणजे ॲरिस्टॉटल. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचा आचार्य म्हणून त्याचे नाव सर्वपरिचित आहे. त्याच्या उपलब्ध ग्रंथसंपदेचा मोठा हिस्सा प्राण्यांविषयीचा आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्याच्या लेखनात सुमारे ५०० प्रकारच्या प्राण्यांचे उल्लेख येतात. त्यांत मासे, शिंपले, माकूल, अष्टपाद आहेत, तसेच मधमाश्या, अळ्या आणि फुलपाखरेही आहेत. हे ज्ञान त्याने ग्रंथालयात बसून मिळवले नाही. कोळी, मधपाळ, शेतकरी, शिकारी यांच्याकडे तो गेला, त्यांचे ऐकले, स्वतः पाहिले, आणि दोहोंत मेळ बसतो का हे तपासले.

कृषी विस्तार कार्यकर्ता रोज याच प्रश्नापुढे उभा असतो. शेतकऱ्याचे म्हणणे कितपत खरे मानावे? पुस्तकातील शिफारस कितपत लागू पडते? आणि दोहोंत विरोध आला, तर निवाडा कोणी करावा? लेस्बोसच्या किनाऱ्यावरील त्या अभ्यासात या प्रश्नांची उत्तरे सापडतात. तेथील यशात ती जेवढी सापडतात, तेवढीच तेथील चुकांतही.

अकादमीतून किनाऱ्यावर

ॲरिस्टॉटलचा जन्म इ. स. पू. ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधील स्टॅगिरा येथे झाला. वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते. वयाच्या सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत दाखल झाला आणि सुमारे वीस वर्षे तेथे राहिला. भूमिती, वादविवाद आणि तत्त्वचिंतन हा तेथील अध्ययनाचा गाभा होता. प्लेटोच्या निधनाच्या सुमारास त्याने अथेन्स सोडले, काही काळ समोरच्या आशियाई किनाऱ्यावरील ॲसॉस येथे काढला आणि इ. स. पू. ३४५ च्या सुमारास तो लेस्बोसवर आला. पुढे इ. स. पू. ३४३ च्या सुमारास मॅसिडोनियाच्या राजपुत्राचा, म्हणजे अलेक्झांडरचा शिक्षक म्हणून त्याला बोलावणे आले. बेटावरचा मुक्काम अशा रीतीने दोन-तीन वर्षांचाच ठरला.

या बेटावर त्याला थिओफ्रॅस्टसची साथ होती. थिओफ्रॅस्टस मूळचा लेस्बोसवरील इरेसॉस गावचा, वयाने सुमारे तेरा वर्षांनी लहान. एकाने प्राण्यांचा अभ्यास केला, तर दुसऱ्याने वनस्पतींचा. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१० मध्ये प्रसिद्ध करणारे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. ग्रंथात येणारी कितीतरी स्थळनामे लेस्बोस व त्याच्या परिसरातील आहेत आणि पिऱ्ह्याची खाडी त्यांत पुनःपुन्हा येते. हिवाळ्यात थंडीमुळे खाडीतील बहुतेक मासे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याकडे परत येतात, कोणता मासा मात्र मागे राहतो, कोणते प्राणी या खाडीत आढळतच नाहीत, अशा तपशिलांतून किनाऱ्यावरील दीर्घ निरीक्षणाचा प्रत्यय येतो.

या पाठशाळेला छप्पर नव्हते आणि अभ्यासक्रमही लिहिलेला नव्हता. परंतु अकादमीत शिकलेली पद्धत, म्हणजे शब्दाचा नेमका अर्थ ठरवणे, वर्गवारी करणे, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्याची चिकित्सा करणे, ही ॲरिस्टॉटलने येथे टाकून दिली नाही. तीच पद्धत त्याने माशाच्या पोटाला आणि मधमाशीच्या पोळ्याला लावली. पारंपरिक विद्या आणि समुद्राचा अभ्यास यांची सांगड बहुधा प्रथमच येथे घातली गेली.

कोळ्यांचे म्हणणे आणि सुरीची कसोटी

मुशीच्या काही जातींची मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते, हे कोकणातील कोळ्यांना चांगले ठाऊक आहे. ॲरिस्टॉटलने मुशीची मादी कापून पाहिली आणि लिहिले, की एका विशिष्ट प्रकारात पिलू नाळेने आईच्या गर्भाशयाला जोडलेले असते. माशाला नाळ, ही गोष्ट नंतरच्या विद्वानांना पटण्यासारखी नव्हती. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८४२ मध्ये सविस्तर विच्छेदन करून ती खरी असल्याचे दाखवले. मधे सुमारे बावीस शतके लोटली होती.

मांजरमाशाची कथाही अशीच. ग्रीसच्या मुख्य भूमीवरील अखेलोस नदीत राहणाऱ्या मांजरमाशाचा नर अंड्यांपाशी थांबून चाळीस-पन्नास दिवस त्यांची राखण करतो, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले होते. नर मासा पोरे राखतो, हे युरोपातील अभ्यासकांना काल्पनिक वाटले. १८५६ च्या सुमारास लुई आगासी या प्राणिशास्त्रज्ञाने त्याच नदीतील मासे मिळवून ही वेगळी जात असल्याचे ओळखले. आज तिचे शास्त्रीय नाव सिलुरस ॲरिस्टोटेलिस असे आहे. आपल्या किनाऱ्यावरील शिंगाळा जातीचा नर तर अंडी तोंडातच सांभाळतो.

येथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. परंतु कोळ्यांचे प्रत्येक म्हणणे खरे निघाले असे नाही. मादी मासा नराचे रेत गिळते आणि त्यातून तिला गर्भ राहतो, अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. अंडी घालण्याच्या दिवसांत मादी नरामागे पोहताना आणि रेत गिळताना दिसे, तेव्हा समजूत निराधार नव्हती. ॲरिस्टॉटलने विचारले: तोंडातून गेलेली वस्तू कोठे जाते? माशाचे पोट उघडले असता तोंडापासूनचा मार्ग जठराकडे जातो, गर्भाशयाकडे नाही, आणि जठरात गेलेले पचून जाते. मग गर्भ त्यातून कसा राहील? कोळी मासे पाहतात ते पकडण्यासाठी, जाणून घेण्यासाठी नव्हे, म्हणून ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते, असे स्पष्टीकरणही त्याने दिले. त्यात हेटाळणी नाही. जो ज्यासाठी पाहतो, त्याला ते दिसते, एवढाच त्याचा आशय आहे.

याच्या उलट उदाहरण अष्टपादाचे. नर अष्टपादाची एक भुजा इतरांहून वेगळी असते आणि समागमात तो ती मादीच्या शरीरात घालतो, असे कोळी सांगत. ॲरिस्टॉटलने ही गोष्ट नोंदवून ठेवली. परंतु त्या भुजेतून बीज संक्रमित होते हे त्याला पटले नाही आणि ती केवळ पकडीसाठी असावी असे त्याने ठरवले. या ठिकाणी कोळी बरोबर होते आणि तत्त्ववेत्ता चुकला होता. १८२९ मध्ये जॉर्ज क्युव्हिए या थोर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाला अष्टपादाच्या एका जातभाईच्या मादीत तुटून राहिलेली अशीच भुजा आढळली, तेव्हा ती परोपजीवी कृमी आहे असे समजून त्यांनी तिला स्वतंत्र नाव दिले. कोळ्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरायला त्यानंतर आणखी काही वर्षे जावी लागली.

ॲरिस्टॉटलने कोळ्यांचे मत फेटाळले, तरी ते ग्रंथातून वगळले नाही. न पटलेले म्हणणे त्याने लिहून ठेवले, म्हणूनच पुढे ते तपासता आले.

मधमाशी, अंजीर आणि शेतकरी

हीच पद्धत बेटावरील व परिसरातील शेतीलाही लागू झाली. मधमाशी एका फेरीत एकाच प्रकारच्या फुलांवर जाते, एका जातीवरून दुसऱ्या जातीवर उडत नाही, हे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे. परागीभवनाच्या दृष्टीने मधमाशीचे मोल ज्या गुणावर अवलंबून आहे, तो हाच. मध घेऊन परतलेल्या माशीमागे आणखी तीन-चार माश्या जातात, हेही त्याने लिहिले. त्यामागील संदेशनृत्याचा अर्थ विसाव्या शतकात कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला आणि त्यासाठी १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अंजिराची हकिगत विस्तार कार्यकर्त्याने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. रानटी अंजिराच्या फळात एक बारीक कीटक वाढतो, कात टाकून बाहेर पडतो आणि लागवडीच्या अंजिराच्या टोकाकडील छिद्रातून आत शिरतो. असे झाल्यास कोवळी फळे गळत नाहीत. म्हणून शेतकरी लागवडीच्या झाडांजवळ रानटी अंजीर लावतात किंवा त्याची फळे झाडावर टांगतात, असे वर्णन ॲरिस्टॉटलने केले आणि थिओफ्रॅस्टसने ते अधिक विस्ताराने मांडले. शेतकऱ्यांची कृती अचूक होती. कारण मात्र दोघांपैकी कोणालाही नेमके उमगले नाही. कीटक आत शिरल्याने फळातील ओलावा कमी होतो किंवा हवा खेळते, अशा तऱ्हेची उत्तरे दिली गेली. प्रत्यक्षात तो कीटक अंगावरून रानटी अंजिराचे पराग नेत असतो. थिओफ्रॅस्टसने नर खजुराच्या फुलांची भुकटी मादी झाडावर झटकण्याच्या प्रथेशी याची तुलना केली होती, म्हणजे उत्तराच्या अगदी जवळ तो पोचला होता.

या ज्ञानाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत पुढे कॅलिफोर्नियातील बागायतदारांनी मोजली. लेस्बोसच्या आग्नेयेस, आशियाई किनाऱ्यावर स्मर्ना हे अंजिराच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. १८८० च्या दशकात तेथून अंजिराच्या फांद्या कॅलिफोर्नियात नेण्यात आल्या. झाडे जोमाने वाढली. फळे मात्र धरून गळू लागली. रानटी अंजीर आणि त्यातील कीटक हवा, असे जुन्या प्रदेशातील शेतकरी सांगत होते. अनेकांनी ती अडाण्यांची समजूत ठरवली. अखेर १८९९ मध्ये तो कीटक तेथे स्थिरावला, तेव्हा स्मर्ना अंजिराला फळ धरू लागले. त्या कीटकाच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द, प्सेनेस, हा प्राचीन ग्रीक भाषेत त्याला असलेल्या नावावरूनच आला आहे. पुरंदरच्या परिसरातील पुणे अंजिराला परागीभवनाची गरज नसते, त्यामुळे आपल्या बागायतदाराला हा कीटक सांभाळावा लागत नाही. परंतु पिकलेले उंबर फोडल्यावर भुर्रकन उडणारे बारीक कीटक महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक आहेत. ते याच कुळातील आहेत.

थिओफ्रॅस्टसच्या वनस्पतिविषयक ग्रंथांत अशी शेतीनिरीक्षणे ठायी ठायी आहेत. उंच व वाऱ्याला मोकळ्या जमिनीवर धान्यपिकांना तांबेरा कमी लागतो, सखल व वारा न खेळणाऱ्या जमिनीवर अधिक, हे त्याने लिहिले. मॅसिडोनिया व थेसली येथील शेतकरी घेवड्यासारखे शेंगावर्गीय पीक फुलोऱ्यात असताना जमिनीत गाडतात, कारण त्याने जमिनीचा कस वाढतो, हेही त्यानेच नोंदवले. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येताना गाडण्याची आजची शिफारस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नोंदीचे मोल सांगावे लागत नाही.

‘कीड पडली’: एका चुकीचा धडा

कीटकांच्या बाबतीत ॲरिस्टॉटलची सर्वांत मोठी चूक त्यांच्या उत्पत्तीविषयी झाली. काही कीटक पानांवर पडलेल्या दवापासून, काही चिखलापासून, काही शेणापासून आपोआप निर्माण होतात, असे त्याने मानले. कोबीवर्गीय पिकाच्या पानावरील फुलपाखराचा जीवनक्रम त्याने फार बारकाईने वर्णिला आहे. आरंभी बारीक भरडधान्याच्या दाण्याहूनही लहान असे काही, मग छोटा कृमी, मग अळी, मग हालचाल थांबलेला कोष, आणि शेवटी कोष फोडून बाहेर येणारे फुलपाखरू. आरंभीचा तो दाणा म्हणजे अंडेच होते. त्याने ते पाहिले, पण अंडे म्हणून ओळखले नाही.

तो प्रयोगाला अपरिचित होता असे नाही. कोंबडीखालची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून गर्भाची वाढ त्याने क्रमाने पाहिली होती आणि तीन दिवसांनंतर रक्ताच्या ठिपक्यासारखे धडधडणारे हृदय दिसते, हे लिहून ठेवले होते. कीटकांच्या बाबतीत मात्र त्याच्याजवळ भिंग नव्हते आणि फुलपाखराला पानापासून दूर ठेवून काय होते, हे त्याने पाहिले नाही. ती कसोटी १६६८ मध्ये फ्रांचेस्को रेडी या इटालियन वैद्याने लावली. मांसाची काही भांडी त्याने उघडी ठेवली, काही कापडाने झाकली. उघड्या भांड्यांतील मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. अळ्या मांसातून निर्माण होत नसून माशीच्या अंड्यांतून येतात, हे एका कापडाच्या तुकड्याने सिद्ध केले.

मराठी शेतकरी आजही म्हणतो, ‘कीड पडली’, ‘मावा पडला’. जणू ती आभाळातून उतरते. ढगाळ हवेने मावा पडतो, हे वाक्य प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने ऐकलेले असते. त्यातील निरीक्षण बरोबर आहे: ढगाळ, दमट व सौम्य हवेत माव्याची संख्या झपाट्याने वाढते. कारण मात्र ढग नव्हे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते, ती पिले काही दिवसांतच पुन्हा पिलांना जन्म देतात, आणि पंख असलेल्या माद्या वाऱ्यासोबत नव्या शेतात उतरतात. हे समजले नाही तर शेतकरी ढग दिसताच फवारणीचा पंप पाठीवर घेतो. समजले तर तो प्रथम पान उलटून पाहतो.

मधमाशीच्या राणीला ॲरिस्टॉटल राजा समजला. ती मादी आहे आणि तिच्या पोटात अंडाशय आहे, हे सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच कीटकशास्त्रज्ञाने विच्छेदनाने दाखवले. मात्र मधमाश्यांच्या उत्पत्तीविषयीची आपली मीमांसा संपवताना ॲरिस्टॉटलने स्वतःच एक पुस्ती जोडून ठेवली आहे. या विषयातील वस्तुस्थिती अजून पुरेशी कळलेली नाही. ती जेव्हा कळेल, तेव्हा तर्कापेक्षा प्रत्यक्ष निरीक्षणावर अधिक विश्वास ठेवावा, आणि तर्काला निरीक्षणाशी जुळत असेल तेवढेच मानावे, असा तिचा आशय आहे. आपली चूक दुरुस्त करण्याची वाट त्याने अशी मोकळी ठेवली.

पेनिकीज: गोठ्यात भरलेली शाळा

मांजरमाशाचा उलगडा करणारे लुई आगासी मूळचे स्वित्झर्लंडचे आणि पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८७३ च्या उन्हाळ्यात त्यांनीही एका बेटावर शाळा भरवली. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज हे चिमुकले बेट आणि ५०,००० डॉलरची देणगी जॉन अँडरसन या व्यापाऱ्याने दिली होती. जुलैमध्ये सुमारे ५० विद्यार्थी बोटीने उतरले. ते सर्व शिक्षक किंवा शिक्षक होऊ पाहणारे होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. इमारत पूर्ण झालेली नसल्याने आरंभी गोठाच साफसूफ करून वापरावा लागला.

येथील शिस्त एकच होती: पुस्तकाआधी प्राणी. आगासी यांच्या या पद्धतीची ख्याती आधीच पसरलेली होती. सॅम्युअल स्कडर हा तरुण कीटकांचा अभ्यास करण्याच्या इच्छेने त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे द्रावणात जतन केलेला एक मासा ठेवला आणि ‘पाहा’ एवढेच सांगितले. दहा मिनिटांत सारे पाहून झाले असे स्कडरला वाटले. तीन दिवस तोच मासा समोर राहिला आणि दर वेळी नवे काही दिसत गेले. हाच स्कडर पुढे नाकतोडे व फुलपाखरे यांचा नामांकित तज्ज्ञ झाला. शिक्षकांच्या मेळाव्यात आगासी प्रत्येकाच्या हातात जिवंत नाकतोडा देत आणि तो हातात असतानाच व्याख्यान सुरू करीत.

डिसेंबर १८७३ मध्ये आगासी यांचे निधन झाले. पेनिकीजची शाळा आणखी एक उन्हाळा चालली आणि बंद पडली. तिचे बीज मात्र रुजले होते. तेथील एक विद्यार्थी चार्ल्स व्हिटमन हे १८८८ मध्ये जवळच्याच वुड्स होल येथे सुरू झालेल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. प्रत्यक्ष वस्तूवरून शिकण्याचा हा विचार शेतीपर्यंतही पोचला. १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील शेती मंदीत सापडली असता कॉर्नेल विद्यापीठाने ग्रामीण शाळांसाठी निसर्ग-अभ्यासाची पत्रके काढली. या कार्यात ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांचा वाटा मोठा होता. त्यांचे १९११ मधील शिक्षकांसाठीचे पुस्तक दीर्घकाळ वापरात राहिले. कृषी विस्ताराच्या आरंभीच्या उपक्रमांत या पत्रकांची गणना होते.

आगासी यांच्या कार्याला एक काळी बाजूही होती. डार्विनचा उत्क्रांतिवाद त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही आणि मानववंशांच्या उच्चनीचतेविषयी त्यांनी घेतलेली भूमिका विज्ञानाला कलंक लावणारी होती. इतरांना ‘पाहा’ म्हणणाऱ्या गुरूने काही बाबतींत आधीच ठरवलेल्या मतापुढे स्वतःची नजर झाकून घेतली. केवळ निरीक्षण पुरेसे नसते. निरीक्षण विरोधात गेले तर मत बदलण्याची तयारीही लागते.

जावा: खाडीची जागा भातखाचराने घेतली

वर्तमानातील सर्वांत परिणामकारक शेतीशाळाही एका बेटावरच जन्मली. इंडोनेशियातील जावा बेटावर १९८५-८६ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी भाताचे प्रचंड नुकसान केले. कीटकनाशकांचा वापर जसा वाढत गेला, तसे कोळी व इतर मित्रकीटक मरत गेले आणि तुडतुड्यांना मोकळे रान मिळाले. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. परंतु शेतकऱ्याला शेतातील शत्रू आणि मित्र ओळखता येईपर्यंत केवळ बंदीने प्रश्न सुटणारा नव्हता.

१९८९ मध्ये जावात शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीस-तीस शेतकरी हंगामभर आठवड्यातून एकदा बांधावर जमत. गटागटाने खाचरात उतरून झाडे तपासत, किडी व मित्रकीटक मोजत, दिसले ते मोठ्या कागदावर रेखाटत आणि मग निर्णय घेत. शंका आली तर ‘कीटक प्राणिसंग्रहालय’ करत: कुंडीतील भाताच्या रोपावर जाळी घालून आत तुडतुडे आणि कोळी सोडायचे व कोण कोणाला खातो ते स्वतः पाहायचे. प्रशिक्षक उत्तर देत नसे, तो पुढचा प्रश्न विचारत असे. १९९० च्या दशकापासून भारतातही भात व कापूस या पिकांत ही पद्धत रुजली आणि ‘शेतीशाळा’ हा शब्द आज महाराष्ट्रात गावोगावी परिचित आहे.

मात्र शेतीशाळा नावाने भरली तरी ती अनेकदा मंडपातील भाषण होऊन बसते. शेतकरी खुर्चीवर, तज्ज्ञ ध्वनिक्षेपकामागे आणि पीक दूर कोठेतरी. असे झाले की जावातील प्रयोगाचा गाभाच हरवतो.

शेतीशाळेसाठी पाच गोष्टी

१. शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवावे. ते चुकीचे वाटले तरी वगळू नये. अष्टपादाविषयी कोळी बरोबर होते, हे नोंद राहिल्यामुळेच ताडून पाहता आले.

२. कृती आणि कारण वेगळे तपासावे. अंजीर टांगण्याची कृती बरोबर होती, स्पष्टीकरण चुकीचे होते. कारण चुकले म्हणून प्रथा टाकून देऊ नये, आणि प्रथा उपयोगी आहे म्हणून कारण खरे मानू नये.

३. साधी कसोटी शेतातच लावावी. माव्याचा प्रादुर्भाव होण्यापूर्वी काही निरोगी, कीड नसलेली रोपे बारीक विणीच्या मलमलीने झाकावीत आणि शेजारची उघडी ठेवावीत. ढगाळ हवा दोन्हींवर सारखीच असेल. मावा कोठे दिसतो, हे शेतकऱ्यांनी स्वतः मोजावे. रेडीच्या कापडाचा तुकडा आजही उपयोगी पडतो.

४. अंडी दाखवावीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग प्रत्येक गटाकडे असावे. पानामागील अंडीपुंज एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी ‘कीड पडली’ म्हणण्याआधी पान उलटून पाहतो.

५. तज्ज्ञाने आपली चूक सर्वांसमोर मान्य करावी. शिफारस एखाद्या शेतात लागू पडली नाही, तर तसे नोंदवावे व कारण सर्वांनी मिळून शोधावे. त्यामुळे शिफारशीवरचा विश्वास वाढतो.

पुन्हा खाडीकाठी

पिऱ्ह्याच्या खाडीतील शिंपल्यांविषयीची ती नोंद एका वाक्याची आहे. तिच्यात कोणावर दोषारोप नाही आणि उपदेशही नाही. दोन कारणे शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि त्यांतील फरक वाचणाऱ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. अवर्षण कोणाच्या हाती नव्हते. तळ किती खरवडायचा, हे मात्र खाडीवर पोट असणाऱ्यांच्या हाती होते.

शेतातही असेच असते. पाऊस, ढग आणि उष्णता यांवर शेतकऱ्याची सत्ता चालत नाही. फवारणी केव्हा करायची, कशासाठी करायची आणि केव्हा करायची नाही, हे तोच ठरवतो. तो निर्णय घेण्यापूर्वी बांधावर थांबून, विस्तार कार्यकर्त्यासह झाडाकडे नीट पाहण्याइतका वेळ त्याला मिळावा, एवढ्यासाठी शेतीशाळा भरवायची असते.